वाचनालयाची चार खाती, दोन माणसं, आठवड्याचे सहा तास: काय ठेवावं, काय सोडावं? (बडोदे)

वाचनकट्टा_मांजलपूर

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका छोट्या मराठी वाचनालयासाठी विचारते आहे. फेसबुकचं पान, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि ४६० जणांचा व्हॉट्सॲप गट अशी आमची चार ठिकाणं आहेत. सांभाळणारे आम्ही दोघंच, आणि दोघांचे मिळून आठवड्याला सहा तास निघतात. सध्या चारही ठिकाणी रोज काहीतरी टाकतो: सुविचार, जयंत्या-पुण्यतिथ्या, नव्या पुस्तकांची मुखपृष्ठं, कार्यक्रमाचं पोस्टर. अंगठे बरेच येतात. महिन्याच्या व्याख्यानाला मात्र साठ खुर्च्यांपैकी पंधरा-वीसच भरतात.

साधायच्या गोष्टी तीन आहेत.
१) व्याख्यानाला निदान पन्नास माणसं.
२) दुसरी ते सातवीतली मुलं बालविभागात यावीत. बहुतेक मुलं इंग्रजी किंवा गुजराती माध्यमातली आहेत. मराठी छान बोलतात, वाचताना अडखळतात.
३) दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांतले फोटो, लग्नपत्रिका, नाटकांची हँडबिलं यांची नीट नोंद.

महिन्याला हजार रुपये खर्च करता येतील. सहा तास कुठे घालावेत?

रावपुरा_टपाल

हेतू नेमके लिहिलेत ते फार बरं झालं. आता रोजच्या पोस्टी त्यांच्या शेजारी ठेवून पाहा. सुविचार आणि जयंत्या तिन्हींपैकी कशालाच लागत नाहीत. उलट व्याख्यानाला त्या मारक आहेत. गटात दिवसाला तीस-चाळीस निरोप पडले की माणूस गटाचा आवाज बंद करतो, आणि एकदा तो बंद झाला की तुमचं आमंत्रणही त्याच ढिगाखाली जातं. पोस्टरला अंगठा देणाऱ्याचं म्हणणं ‘छान उपक्रम’ एवढंच असतं. तुम्ही याल का, असं त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

व्याख्यानासाठी फक्त व्हॉट्सॲप धरा.

आधी ‘कम्युनिटी’ (अनेक गटांना एका छताखाली आणणारी व्हॉट्सॲपची सोय) तयार करा आणि तुमचा ४६० जणांचा गट तिला जोडा. जोडल्याबरोबर सगळे सभासद आपोआप घोषणांच्या गटात येतात. तिथे फक्त ॲडमिन लिहू शकतात आणि सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. गप्पा, शुभेच्छा, वाढदिवस जुन्या गटात खुशाल चालू द्या, कुणाचं मन मोडायचं कारण नाही. घोषणांच्या गटात मात्र महिन्याला चार निरोपांपेक्षा जास्त नको. ही मर्यादा पाळली तरच त्या गटाचा आवाज चालू राहील. नवी माणसं आमंत्रणाच्या लिंकने घ्या आणि ‘ॲडमिनची मंजुरी’ चालू ठेवा. लिंक फेसबुकवर उघडी टाकली की कर्जवाले आणि शेअरबाजारवाले शिरतात. तसं झालंच तर लिंक रीसेट करा, जुनी मरते.

ब्रॉडकास्ट यादीच्या भरवशावर राहू नका. एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलेला आहे त्यांनाच निरोप पोचतो. बाकीच्यांना तो गेलाच नाही हे तुम्हाला कळतही नाही. व्हॉट्सॲपचं चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहे, पण तिथे कोण कोण आहे आणि त्यातले कोण येणार आहेत हे समजत नाही. तुम्हाला खुर्च्या भरायच्या आहेत, त्यामुळे उत्तर येईल अशी जागा हवी.

म्हणून वाचनालयाच्या नावाने वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस घाला. फुकट आहे. मूळ फोनशिवाय आणखी चार उपकरणं त्याला जोडता येतात, तेव्हा तुम्ही दोघं आपापल्या घरून उत्तरं देऊ शकाल. त्यात ‘लेबल’ असतात, म्हणजे गप्पांना लावायच्या खुणेच्या चिठ्ठ्या. प्रत्येक व्याख्यानाचं एक लेबल करा आणि येतो म्हणणाऱ्यांना ते लावा.

निरोप पोस्टरमधून देऊ नका, टंकून द्या. पोस्टर सोबत जोडलंत तर हरकत नाही. चित्रातला मजकूर नंतर शोधून सापडत नाही आणि दृष्टी अधू असलेल्यांना फोन तो नीट वाचून दाखवत नाही. शिवाय सूचनेच्या पट्टीत पहिली ओळच दिसते, तिथे ‘सस्नेह निमंत्रण’ लिहून ती वाया घालवू नका. नमुना:

‘शनिवार १४ मार्च, संध्या. ६ ते ७.१५.
पुस्तकांच्या पेट्या गावोगाव कशा फिरत: सयाजीराव महाराजांचं बडोदे.
जागा: (नकाशाची खूण). तळमजला, जिना नाही. स्कूटर मागच्या बोळात लावता येईल. ६ ला सुरू, ७.१५ ला चहा.
येणार असाल तर या नंबरवर फक्त १ लिहून पाठवा.’

विषयाची ओळ कशी आहे बघा. नेहमी आपण ‘व्याख्यानमाला, पुष्प तिसरे’ ठळक छापतो आणि विषय बारीक टाकतो. ‘सयाजीराव आणि ग्रंथालय चळवळ’ यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली आणि पेट्यांमधून पुस्तकं खेड्यांत जाऊ लागली. त्यातली पेटी डोळ्यांसमोर उभी राहते, म्हणून ती ओळीत घ्या.

निरोप तीनदा: दहा दिवस आधी सगळ्यांना, तीन दिवस आधी पुन्हा सगळ्यांना, आणि त्याच दिवशी सकाळी अकराला फक्त ‘१’ पाठवलेल्यांना, एकेकाला नाव घेऊन. बिझनेसच्या ‘झटपट उत्तरां’त हा मजकूर साठवला की चाळीस जणांना अर्धा तास पुरतो. एकच मजकूर सपाट्याने शेकड्यांनी पाठवू नका. अनोळखी लोकांनी तक्रार केली तर नंबरच बंद होतो. ‘१’ पाठवणाऱ्याने शब्द दिलेला असतो, म्हणून याच निरोपाचं फळ सर्वांत मोठं.

तीन व्याख्यानांनंतर आलेल्यांची संख्या भागिले ‘१’ची संख्या असा भागाकार काढा. तो समजा ०.६ आला, तर पन्नास माणसांसाठी ८४ होकार लागतील. मग ८४ होकार कुठून आणायचे हा प्रश्न उरतो, आणि तो ‘पोस्ट कशी करावी’ यापेक्षा बराच सोपा आहे: वक्त्याकडून दहा नावं, प्रत्येक कार्यकारिणी सदस्याकडून पाच.

तारखेचंही बघा. नवरात्राच्या नऊ रात्री आणि उत्तरायणाचे १४-१५ जानेवारी या शहरात कोणीही मोकळं नसतं.

सुरसागर_काठ

वरच्याशी पूर्ण सहमत. मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की इन्स्टाग्राम आणि यूट्यूब दोन्ही बंद करा. दोन माणसांनी चार दुकानं उघडायची नसतात. आजोबा-आजी हेच तुमचे वाचक आहेत, आणि ते व्हॉट्सॲपवर आणि थोडेफार फेसबुकवर आहेत. इन्स्टाग्रामचे तास त्यांना फोन करण्यात घाला.

कारेलीबागची_शाळा

सुरसागर, पहिल्या हेतूपुरतं तुमचं बरोबर आहे. दुसऱ्या हेतूला ते लागू होत नाही. दुसरी ते सातवीतल्या मुलांचं सभासदत्व आजोबा ठरवत नाहीत. ते आई ठरवते, आणि ती तिशी-पस्तिशीतली असते. ती इन्स्टाग्रामवर आहे आणि तिच्या शाळेच्या पालकगटात आहे. म्हणून इन्स्टाग्राम ठेवा, फक्त तिथे मुखपृष्ठं टाकणं सोडा. मुखपृष्ठ पाहून मूल वाचायला लागत नाही.

ताई, तुम्ही लिहिलंत की मुलं अडखळतात. ते अडखळणंच तुमच्या खात्याचा विषय करा. गुजराती माध्यमातल्या मुलाला देवनागरीतली ग, घ, न, म, र, व, स, त, प ही अक्षरं बरीचशी ओळखीची वाटतात, डोक्यावर रेघ आली एवढाच फरक. अडतं ते अ, इ, ए आणि क, ख, च, ज, झ, फ, ब यांच्यापाशी, कारण गुजरातीत यांची वळणं वेगळी आहेत. ही दहा अक्षरं म्हणजे दहा रील. प्रत्येकात एक अक्षर, ते असलेले तीन शब्द, आणि वाचनालयातल्या एका पुस्तकातली ते अक्षर वारंवार येणारी एक ओळ. तीस सेकंद पुरे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना वेगळंच अडतं: जोडाक्षरं, आणि र चे चार अवतार (रफार, सूर्य-कार्यमधला; चक्र-ग्रहमधला; राष्ट्र-ट्रकमधला; दुसऱ्या-वाऱ्यामधला). तेही चार रील झाले. चौदा आठवड्यांचं काम हातात आलं, रोज काय टाकायचं हा घोर नाही.

असल्या रीलचा उपयोग आईला लगेच कळतो आणि ती दुसऱ्या आईला पाठवते. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की किती वेळ पाहिलं, किती जणांनी पसंत केलं आणि किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं या तीन गोष्टींना महत्त्व आहे, आणि अनोळखी लोकांपर्यंत पोचायला पाठवण्याचं वजन जास्त. खातं ‘प्रोफेशनल’ करा, फुकट होतं. मग प्रत्येक रीलखाली पाठवलेल्यांचा आकडा दिसतो. अंगठे बघू नका, तो आकडा बघा.

करताना चुकतं ते हे:

व्हिडिओ उभा, १०८० बाय १९२०. खालच्या पाचव्या हिश्श्यात अक्षर ठेवू नका, तिथे नाव आणि मजकूर येऊन बसतो. उजव्या कडेलाही बटणं असतात. अक्षर मध्यावर.

फॉन्ट मराठी वळणाचा हवा. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. पुस्तकात एक आकार आणि रीलमध्ये दुसरा दिसला तर नवं शिकणारं मूल गोंधळतं. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, त्यात मराठी वळणं आहेत. ‘दुसऱ्या’ लिहिताना ऱ (खाली टिंब असलेला) टंकून मग हलन्त आणि य द्या, नाहीतर ‘दुसर्या’ होऊन डोक्यावर रफार चढतो. वाचन शिकवणाऱ्या खात्यावर अशी चूक अजिबात चालायची नाही.

मजकुरातली लिंक दाबता येत नाही. प्रोफाइलमध्ये पाचपर्यंत लिंक देता येतात, त्यातली पहिली तुमच्या बिझनेस नंबरच्या गप्पा उघडणारी ठेवा. ती लिंक तयार करताना आधीच लिहिलेला मजकूर घालता येतो: ‘माझं मूल इयत्ता … मध्ये आहे, बालविभागाची माहिती हवी.’ पालकाला फक्त पाठवा दाबायचं असतं. त्याच लिंकचा क्यूआर कोड काढून कार्डावर छापा.

खात्याच्या ‘नाव’ या रकान्यात वाचनालयाचं संस्कृतप्रचुर नाव न घालता ‘मराठी बालवाचनालय, मांजलपूर, वडोदरा’ असं लिहा, आणि ते रोमन लिपीतही द्या. शोधणारी आई रोमन अक्षरांतच टंकते. हा रकाना चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतो, म्हणून आधी कागदावर ठरवा.

मुलांचे चेहरे शक्यतो नकोत. पुस्तकावरून फिरणारं बोट आणि आवाज पुरतो. चेहरा घ्यायचाच तर पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलं आहे.

हजार रुपयांबद्दल: सगळे मेटाला (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीला) देऊ नका. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी बसतो, म्हणजे हजारांतले सुमारे ८४७ रुपयेच कामाला लागतात. त्यापेक्षा पाच-सहाशेंत क्यूआरची कार्डं छापा आणि गणपतीच्या मांडवांत, मराठी डॉक्टरांच्या दवाखान्यात, किराणा दुकानात ठेवा. उरलेले पैसे साठवा आणि ज्या रीलचा पाठवण्याचा आकडा आपसूक चढला आहे त्याच एका रीलवर लावा. शहर वडोदरा, भाषा मराठी, तीन दिवस. पडलेल्या रीलला पैसे लावून ते उठत नाही.

वाचनकट्टा_मांजलपूर

दहा अक्षरांची कल्पना खरोखर सुंदर आहे, मनापासून आभार. एक शंका: आम्ही यूट्यूबवर आख्ख्या गोष्टी वाचून टाकायचा विचार करत होतो. ते चालेल का? आणि व्याख्यानांचं फेसबुक लाइव्ह करतो, त्याचं काय करावं?

रावपुरा_टपाल

गोष्टींबद्दल: लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मोकळं झालं आहे. तसं वाचायला हरकत नाही. मात्र आजच्या आवृत्तीतली चित्रं चित्रकाराची असतात, ती पानं पडद्यावर दाखवू नका. हयात लेखकाची पूर्ण गोष्ट वाचून टाकणं म्हणजे हक्कभंग, पुस्तक वाचनालयाने विकत घेतलेलं असलं तरी. प्रकाशकाला पत्र लिहा: कोणती गोष्ट, किती मिनिटं, कुठे टाकणार, पैसे मिळवणार नाही. पार्श्वभूमीला सिनेमाचं गाणं तर नकोच. यूट्यूब ते स्वतः ओळखतं आणि दावा लावतं.

फेसबुक लाइव्ह थांबवा. फेब्रुवारी २०२५ पासून नवं थेट प्रक्षेपण तिथे ३० दिवसच राहतं, मग पुसलं जातं. जुनी व्याख्यानं अजून तिथे असतील तर आजच उतरवून घ्या. दुसरं कारण हॉलमधलं आहे: मांजलपूरच्या माणसाला ‘घरी बसून बघू’ असं वाटलं की एक खुर्ची गेली. व्याख्यान चित्रमुद्रित करा आणि आठवड्याने यूट्यूबवर ठेवा.

यूट्यूब हे कपाट समजा, रोज गाजवायची जागा नव्हे. फोन नंबरने खात्री केल्याशिवाय पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ चढत नाही, ते आधी करून घ्या. वर्णनात प्रकरणं (चॅप्टर) द्या: पहिली वेळ ०:०० हवी, किमान तीन वेळांच्या नोंदी हव्यात, प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा. यातलं एक चुकलं तर प्रकरणं दिसतच नाहीत. सवा तासाच्या व्याख्यानात ‘३४:१० पेटीत कोणती पुस्तकं असत’ असं लिहिलं की शोधणारा थेट तिथे येतो.

चित्रापेक्षा आवाज जपा. हॉलच्या मागून फोनने घेतलेलं भाषण पाच मिनिटंही ऐकवत नाही, पंखे आणि प्रतिध्वनी सगळं खातात. वक्त्याच्या सदऱ्याला, हनुवटीपासून वीतभर खाली, कॉलरचा माइक लावा आणि तो दुसऱ्या फोनला जोडून खिशात ठेवा. दोन्ही फोन विमान-स्थितीत. नाहीतर मध्येच फोन येतो आणि ध्वनिमुद्रण तुटतं. सुरुवातीला एकदा टाळी वाजवा, नंतर आवाज आणि चित्र जुळवायला ती खूण लागते. श्रोत्यांचा प्रश्न वक्त्याने माइकमध्ये पुन्हा म्हणावा. साध्या १०८० च्या चित्राला तासाला सात-आठ जीबी जागा धरा.

नवापुरा_नोंदी

तिसऱ्या हेतूवर कुणी बोललं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. तिघांत हेच काम असं आहे की ते उशिरा केलं तर होणारच नाही. वाडा पाडून फ्लॅट झाले की कपाटं रिकामी होतात आणि फोटो रद्दीत जातात.

याला फेसबुकचं पान निरुपयोगी आहे, फेसबुकचा गट हवा. पानावर तुम्ही बोलता आणि लोक ऐकतात. गटात कुणीतरी म्हणतं, ‘डावीकडून तिसरे माझे मामा.’ तेच तुम्हाला हवं आहे. बडोदे सोडून पुण्याला, ठाण्याला, अमेरिकेला गेलेली माणसंही फेसबुकवरच सापडतात. गट सार्वजनिक ठेवा, पण प्रत्येक पोस्ट मंजुरीने.

आठवड्याला एकच फोटो आणि एकच नेमका प्रश्न. ‘आठवणी सांगा’ म्हटलं की ‘किती छान दिवस होते’ एवढंच येतं. ‘मागची पाटी कोणत्या दुकानाची?’, ‘हा खंडेराव मार्केटचा कोणता दरवाजा?’, ‘कमाटीबागेतला हा बँडस्टँड असा कधीपर्यंत होता?’ असं विचारा. उत्तरं आली की त्याच आठवड्यात वहीत उतरवा, कुणी सांगितलं त्यासकट. फेसबुक हे नोंदवहीचं काम करत नाही. दोन वर्षांनी ती टिप्पणी तुम्हाला सापडणार नाही.

मूळ वस्तूचं असं करा. लहान छापील फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. तीन बाय पाच इंचांच्या फोटोला १८०० बाय ३००० ठिपके मिळतात, मोठा छापायलाही पुरतात. पत्रिका आणि हँडबिलांना ३०० चालतं, अक्षर बारीक असेल तर ४००. मागची बाजू नेहमी स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलने लिहिलेली तारीख, नावं तिथेच असतात. काळ्या पानांच्या जुन्या अल्बममधून चिकटवलेला फोटो उपटू नका, अख्खं पानच घ्या. स्कॅनर नेणं शक्य नसेल तर खिडकीच्या आडव्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोन अगदी समांतर धरून काढा. वरचा दिवा बंद, नाहीतर चकाकी येते.

कुणी व्हॉट्सॲपवर पाठवत असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि फाइलमधली तारखेची माहितीही निघून जाते. असा आक्रसलेला फोटो नोंदीत घेऊच नका, पुन्हा मागा.

फाइलचं नाव: वर्ष, ठिकाण, क्रमांक, उदाहरणार्थ १९६२_दांडियाबाजार_०१४. वर्ष माहीत नसेल तर ००००, अंदाज फाइलच्या नावात नको. वहीत सात रकाने: क्रमांक, कुणाकडून, मूळ वस्तू परत दिल्याची तारीख, काय दिसतं, कोण कोण, केव्हा, हे कुणी सांगितलं. शेवटचा रकाना सोडू नका. दोन आत्यांनी दोन वर्षं सांगितली तर दोन्ही लिहायची.

पत्रिकेवर इसवी सन नसेल तर: शकात ७८ मिळवा, पण पौष अर्ध्यावर गेल्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९. शके १८७५ चा वैशाख म्हणजे १९५३, माघ म्हणजे १९५४. बडोद्यातल्या पत्रिकांवर विक्रम संवतही असतो, आणि गुजरातचा संवत कार्तिकात बदलतो. त्यातून दिवाळीनंतर डिसेंबरअखेरपर्यंत ५७ आणि पुढे ५६ वजा करा. महाराष्ट्रातून आलेला माणूस इथे हमखास चुकतो.

संमतीचा कागद छापून न्या, त्यात तीन वेगळे चौकोन: वाचनालयात दाखवायला हरकत नाही, समाजमाध्यमांवर टाकायला हरकत नाही, कुणालाही वापरता येईल अशा खुल्या परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाच्या खुल्या चित्रभांडारात) द्यायला हरकत नाही. बरीच घरं पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही, त्यांचा मान ठेवा. फोटोचा कागद त्या घराचा असतो, फोटो काढल्याचा हक्क स्टुडिओचा असू शकतो. तिसऱ्या चौकोनाआधी ते पाहा. हयात स्त्रियांचे, लहान मुलांचे घरगुती फोटो गटावर टाकण्याआधी त्या त्या माणसाला विचारा, घरातल्या कर्त्याला विचारून भागत नाही.

आणि मूळ स्कॅन तीन ठिकाणी: वाचनालयातला संगणक, बाहेरची हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कची दुसरी प्रत दुसऱ्या घरात. विश्वामित्रीच्या पुरात तळमजल्यावरचं काय होतं हे या शहराला माहीत आहे.

सुरसागर_काठ

कारेलीबाग, मुलांच्या बाबतीत तुमचं मान्य. माझा इन्स्टाग्रामला विरोध मुखपृष्ठांपुरता धरा. पण ताई, एक व्यवस्थेची गोष्ट पहिल्याच आठवड्यात करा. खाती कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर आहेत ते लिहून काढा. संस्थांची पानं हातची जातात ती बहुधा अशीच: सांभाळणारा मुलगा नोकरीला बंगळूरला गेला, नंबर बदलला, संपलं. वाचनालयाच्या नावाचा एक ईमेल करा, फेसबुक पानावर दोन जणांना पूर्ण अधिकार द्या, यूट्यूबवर ‘परवानग्या’तून दुसऱ्याला व्यवस्थापक करा. पासवर्ड वाटू नका. व्हॉट्सॲपला सहा अंकी पिन लावा आणि सोबत ईमेल जोडा. नव्या सिमचं रिचार्ज कोण करणार तेही ठरवा. १२० दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं पुसलं जातं.

‘तुमच्या पानाने कॉपीराइट मोडला, २४ तासांत बंद होईल, इथे दाबा’ असा निरोप पानाच्या इनबॉक्समध्ये येईल. तो फसवणुकीचा असतो, कितीही निळी खूण दिसली तरी. खरी नोटीस पानाच्या ‘सपोर्ट’ भागात दिसते. कुणी दाबलंच आणि पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन.

वाचनकट्टा_मांजलपूर

सगळ्यांचे मनापासून आभार. आमची वाटणी अशी करत आहोत: व्हॉट्सॲप दोन तास, अक्षरांचं रील दीड तास, फोटोंना दोन तास, अर्धा तास मोजणी. यूट्यूब महिन्यातून एकदा. फेसबुकचं पान ठेवायचं, पण त्यावर फक्त पत्ता, वेळ आणि व्हॉट्सॲपची लिंक वर टाचून. सुविचार बंद. काही चुकतंय का?

नवापुरा_नोंदी

एकच बदल सुचवतो. फोटोंचे दोन तास दर आठवड्याला सुटे वापरू नका. महिन्याचे आठ तास दोन रविवारी मिळून घ्या. एका घरी गेलं की चार तास जातातच: चहा होतो, कपाट उघडतं, मग आणखी एक पेटी निघते. फेसबुकचे चारही फोटो त्याच रविवारी लिहून ठेवा, मेटा बिझनेस स्वीटमधून पानाच्या पोस्टींची तारीख लावता येते, गटात तिथल्याच ‘शेड्यूल’मधून.

कारेलीबागची_शाळा

आणि मोजणीच्या अर्ध्या तासात आकड्यांच्या तीनच जोड्या लिहा: ‘१’ किती आणि आले किती, रील किती जणांनी पुढे पाठवलं आणि त्यातून किती पालकांनी लिहिलं, नव्या नोंदी किती, त्यांतल्या नावांसकट पूर्ण किती. पालकांच्या पहिल्या निरोपाला त्याच दिवशी उत्तर जायला हवं, दुसऱ्या दिवशी आईचा उत्साह मावळलेला असतो. रात्री नऊनंतरच बहुतेक जणी लिहितील, तेव्हा बिझनेसमध्ये ‘अनुपस्थितीचा संदेश’ लावून ठेवा: बालविभाग कोणत्या वारी, किती वाजता, वर्षाची वर्गणी किती, पहिल्या दिवशी काय आणायचं. सुरुवात ‘क’पासून करा. ते अक्षर वारंवार येतं आणि गुजराती माध्यमातली मुलं तिथेच पहिल्यांदा थांबतात.